कोरडी धूळ

"डबा तर उघडायचा नाही. मग धूळ घेताना कळतं कसं, चाचा?"

दस्तगीरचाचा चाळणी हलवत होते. हलवतच राहिले.

"वजनावरून? डबा हलवून आवाज ऐकता? काहीतरी बघत असालच की."

"सरक जरा. उजेड अडलाय."

सुहास सरकला. बसायला दिलेला पाट एका बाजूनं तोकडा होता. त्याचा तोल गेला, आणि हातातली फाइल सांभाळण्याच्या नादात पँट राखेत टेकली. त्यानं ती झटकली. चाचांनी एकदा पँटीकडे बघितलं आणि पुन्हा चाळणीकडे.

कोल्हापुरात गुजरी म्हणजे सोन्याचांदीची पेठ. तिच्या मागच्या बोळात एका पत्र्याच्या शेडखाली बसून दस्तगीरचाचांनी साठ वर्षं सोनारांची धूळ धुतली. अशा माणसाला झारेकरी म्हणतात. कारागीर कानस चालवतो, तार कापतो, तेव्हा कीस उडतो, एखादा कण निसटतो, आणि बसायच्या जागेवरच्या धुळीत जातो. ती झाडलोट कारागीर उकिरड्यावर टाकत नाही. डब्यात साठवतो आणि झारेकऱ्याला विकतो. झारेकरी ती जाळतो, चाळतो, धुतो आणि त्यातलं सोनं वेगळं काढतो.

नियम एकच. धूळ न बघता घ्यायची. दिवाळीच्या पाडव्याला बोली झाली की पुढच्या वर्षभराची धूळ, महिन्याला एक डबा, झारेकऱ्याची. निघालं तर त्याचं नशीब, नाही निघालं तरी त्याचंच. बोलीआधी डब्यात डोकावणाऱ्याला गुजरीत पुन्हा कोणी दारात उभं करत नाही.

सुहासच्या मते जगातला सगळ्यात मुरलेला गुंतवणूकदार या शेडखाली फाटकी बंडी घालून बसला होता. त्याचं फारसं चुकत नव्हतं. चुकत एवढंच होतं, की तो शिकायला आलो असं म्हणत होता आणि आला होता होकार घ्यायला.

सुहास हा भालचंद्र पोतदारांचा मुलगा. पोतदारांच्या हातचा कोल्हापुरी साज म्हणजे जुन्या घरांतल्या बायका लग्नाआधी वर्षभर सांगून ठेवायच्या. मुलानं मात्र विसाव्या वर्षी ऐरण सोडली. आधी कारखान्यात नोकरी केली, आणि गेली सहा वर्षं तो परदेशी बाजारातले शेअर घेत होता. तेही बड्या खाणींचे नाहीत. छोट्या कंपन्यांचे, ज्यांच्याकडे अजून खाण नसते, नुसता डोंगर असतो आणि त्यात सोनं असेल अशी आशा असते. एका कंपनीत त्याला एकदा घबाड लागलं होतं. बाकी तीन बुडाल्या, पण बुडालेल्यांची नावं कोण घेतो? एकदा लागलं की माणूस त्या एकदाचाच होतो.

"चाचा, वेळ कमी आहे," सुहास म्हणाला. "सोमवार शेवटचा दिवस."

"कशाचा?"

"काल सांगितलं ना."

"काल सांगितलंस. आज परत सांग. म्हाताऱ्याला दोनदा सांगावं लागतंय."

सुहासनं श्वास घेतला. सांगायला त्याला आवडायचं, हेही खरंच.

"कंपनी डोंगरात भोकं पाडते. खोल, तीन-तीनशे मीटर. त्यातून दगडाचा दांडा वर येतो. त्याचे तुकडे तपासायला पाठवतात. सोनं निघालं की शेअर उसळतो. मग मोठी खाण कंपनी येते आणि सगळा डोंगर विकत घेते. जो आधी आत शिरला तो तरला."

"आणि न्हाई निघालं तर?"

"तर दुसरं भोक."

"हं… आमच्यासारखंच हाय म्हणायचं."

"अगदी तुमच्यासारखंच." सुहासला बरं वाटलं. "या कंपनीची अकरा भोकं कोरडी गेली. अकरा. लोक विकून पळाले. बाराव्यात मात्र एवढं सोनं लागलंय, चाचा, की सहा वर्षांत मी असा आकडा बघितला नाही. आता पुढच्या कामासाठी नवे शेअर काढतायत. सोमवारपर्यंतच."

कंपनीचं नाव चाचांच्या जिभेवर बसेना. म्हणून कालपासून दोघंही तिला 'ती डोंगरातली' म्हणत होते.

"आणि त्यापायी भालूचा गाळा विकायचा."

"रिकामाच आहे जवळजवळ. वर्षभरात चार साज झाले नसतील. आठ बाय सहाची ती जागा, पोटमाळा आणि एक दिवा. गिऱ्हाईक तयार आहे. अण्णांनी फक्त सही करायची."

"मग करत का न्हाई?"

"ते म्हणाले, दस्तगीरला विचार. तो हो म्हणाला तर करतो. गुजरीत तेवढा एक माणूस खोटं बोलत नाही."

चाचांचा हात थांबला. क्षणभरच. मग चाळणी पुन्हा हलू लागली.

"असं म्हणाला भालू?"

"हो."

"…बरं."

पाण्याची काथवट समोर होती. काथवट म्हणजे लाकडाची खोलगट परात. चाचांनी तिच्यात बोट घालून पाण्याची पातळी बघितली. एका अंगाला कलली होती. त्यांनी इकडं तिकडं बघितलं, सुहासच्या मांडीवरची फाइल उचलली आणि काथवटीखाली सरकवली. पातळी नीट झाली.

"चाचा, त्यात करारपत्र आहे."

"असू दे की. टेकू बरा झालाय."

सुहास हसला नाही. वडिलांच्या वयाच्या माणसाला काय बोलणार.

"त्या डोंगरावर तू गेल्तास?"

"नाही. व्हिडिओ आहे. ड्रोननं काढलाय, सगळं दिसतं."

"भोकं पाडणारा कोण हाय?"

"म्हणजे?"

"माणूस रं. अकरा भोकं कोणी पाडली?"

सुहासला हे माहीत होतं, कारण तो अहवाल शेवटच्या पानापर्यंत वाचायचा. त्या बाबतीत त्याला नावं ठेवायला जागा नव्हती. "एक म्हातारा भूगर्भतज्ज्ञ होता. तीस वर्षांचा अनुभव. अकराव्यानंतर त्यानं सोडलं."

"आणि बारावं?"

"नवी माणसं आली."

"हं."

एवढंच. सुहास पुढच्या वाक्याची वाट बघत बसला, पण चाचांना 'हं'च्या पुढं काही म्हणायचं नव्हतं. शेजारच्या बोळातून हातोडीची टकटक येत होती. एकाच कारागिराची. लहानपणी इथं टकटकीनं कान किटायचे.

"हो की नाही, चाचा?"

"शिकायचंय म्हणालास न्हवं काल?"

"हो, पण…"

चाचा उठले. गुडघ्यावर हात ठेवून, दोन टप्प्यांत. मागच्या फळीवर डबे मांडलेले होते, बिस्किटांचे, डालड्याचे, एक जुना पावडरचा. कुठल्यावरही नाव नव्हतं. चाचांना नावाची गरज पडत नसे. त्यांनी एक डबा काढला आणि सुहासच्या पुढ्यात ठेवला.

"जाळून झालीया. चाळूनबी. धू."

"मी?"

"मग काय मी? अंगठी काढ आधी. न्हाईतर तुझंच सोनं तुला सापडायचं आणि नाचत बसशील."

सुहासनं अंगठी काढून खिशात ठेवली. बाह्या दुमडल्या. त्याला वाटलं, म्हातारा परीक्षा घेतोय. घेऊ दे. गुजरीत वाढलेल्या पोराला धूळ धुणं कोणी शिकवायला नको होतं.

आधी त्यानं लोहचुंबक फिरवला, म्हणजे कानशीचे, पटाशीचे लोखंडी कण निघून जातात. मग धूळ पाण्यात सोडली. काथवट दोन्ही हातांनी धरली आणि गोल फिरवू लागला. जोरात फिरवली की सगळंच वाहून जातं. हळू फिरवली की काहीच जात नाही. पहिल्यांदा निम्मं पाणी त्याच्याच पायावर सांडलं.

"डोंगर न्हवं त्यो," चाचा म्हणाले. "हळू."

त्यानं हात हळू केला. काळं पाणी कडेवरून जात राहिलं. चाचा तांब्यानं नवं ओतत राहिले. पाठ भरून आली. इतक्या दिवसांत मोबाइल न बघता गेलेला हा पहिला तास असेल, पण ते त्याच्या लक्षात आलं नाही.

तळाशी काळसर चिखलाची एक चंद्रकोर उरली. त्यानं आणखी एकदा पाणी फिरवलं, आणि चंद्रकोरीच्या टोकाला पिवळी रेघ उमटली.

सुहास थांबला.

पुन्हा फिरवलं. रेघ रुंद झाली. कीस होता, तारेचे बारीक तुकडे होते, आणि मोहरीहून लहान असे गोल दाणे, स्वच्छ पिवळे.

"चाचा… हे बघा."

"बघतोय."

"अहो एवढं? एका डब्यात?" त्याचा आवाज चढला होता. हा आवाज बाराव्या भोकाची बातमी वाचताना घरातल्यांनी ऐकला होता. "कुणाचा डबा आहे हा? कुठला गाळा?"

"का?"

"का म्हणजे काय? येत्या पाडव्याला मी बोली लावतो. तुम्ही देता त्याच्या दुप्पट. नाहीतर भागीत घेऊ, तुमचं नाव, माझे पैसे. असा डबा सोडायचा नसतो, चाचा."

चाचा खाली बसले. त्यांचा चेहरा सोनं निघालेल्या माणसाचा नव्हता.

"चाळीस वर्षं घेतोय ह्याची धूळ," ते म्हणाले. "चाळीस वर्षं कोरडी."

"काहीच नाही?"

"काही न्हाई. गुंजभर न्हाई. दर पाडव्याला दारात जाऊन मी त्याला सांगणार, तुझी धूळ कोरडी निघाली बाबा. त्यो हसणार. मला चहा देणार, ताट भरून फराळ देणार. सोनाराला ह्याच्यापरीस मोठी शाबासकी न्हाई बघ. माझं नुकसान, त्याचं नाव."

"मग घेत कशाला होता?"

"शाबासकी द्यायला कोणतरी पायजे की."

सुहासनं हे सोडून दिलं. त्याच्या हिशेबात ते बसत नव्हतं.

"मग यंदा कसं निघालं?"

"तूच सांग."

"कारागीर बदलला असेल. नवशिक्या बसला असेल."

"त्योच हाय."

"काम वाढलं असेल. जास्त काम, जास्त कीस."

"कमी झालंय."

"मग… मग नशीब."

"नशीब," चाचा म्हणाले, आणि बंडीच्या खिशातून भिंग काढून त्याच्या हातात दिलं. घड्याळजी डोळ्याला लावतात तसलं, कडेला टवका उडालेलं. "तू सकाळपासून विचारतोयस न्हवं, काय बघता म्हणून? सोनं तर सगळ्यांनाच दिसतंय. कोरड्या जागेत एकदम निघालं की मला भ्या वाटतंय. मग मी हे लावून बघतो."

सुहासनं भिंग डोळ्याला लावलं. काथवट उजेडाकडे कलती केली.

आधी नुसतं पिवळं दिसलं. मग दाणे वेगळे झाले. गोल, वाटोळे, रव्याचे दाणे. साजाच्या पानावर बसवतात ते. हल्ली सगळे कारागीर यंत्रावरचे आणतात, किलोनं मिळतात. हे यंत्रावरचे नव्हते. एकासारखा एक नव्हता. कोळशावर तारेचे तुकडे ठेवून फुंकणीनं फुंकले की ते असे आपसूक गोल होतात.

एका दाण्याच्या मधोमध टिंब होतं. सुईच्या टोकानं पाडलेला खळगा.

दुसऱ्यालाही होतं.

तिसऱ्याला…

सुहासनं भिंग काढलं. पुसलं. पुन्हा लावलं.

साजाच्या पानांत एक माशाचं पान असतं. त्या माशाला डोळा म्हणून रव्याचा एक दाणा बसवतात. गुजरीतले सगळे नुसता दाणा बसवतात आणि मोकळे होतात. एकच कारागीर दाणा बसवायच्या आधी त्याला सुईनं टिंब पाडायचा. इतकं बारीक, की गिऱ्हाइकाला जन्मात दिसू नये. लहानपणी सुहासनं विचारलं होतं, कुणाला दिसत नाही तर करता कशाला? अण्णा म्हणाले होते, बुबुळ नसलं तर मासा आंधळा दिसतो रे.

तेव्हा असा एखादा दाणा खाली पडला, की घरात जेवण थांबायचं. आई ताटं वाढून बसायची. अण्णा, तो आणि थोरली बहीण, तिघं जण बोटं ओली करून गाळ्याची फरशी टिपून काढायचे. दाणा मिळाल्याशिवाय अण्णा उठले आहेत, असं एकदाही झालं नव्हतं.

काथवटीत सात दाणे होते.

सुहासचे हात काथवटीच्या कडेवर होते, ते तिथंच राहिले. चाचांनी तांब्या बाजूला ठेवला. शेजारची टकटक थांबली, थोड्या वेळानं पुन्हा सुरू झाली. आता सुहासला ती ऐकू आली. एक ठोका, मग थांबणं. मग जरा चाचपडल्यासारखा दुसरा.

"अण्णांना दिसत नाही…" तो म्हणाला.

चाचांनी नुसती मान हलवली.

"केव्हापासून?"

"धुळीत चौदा महिन्यांपासून निघतंय."

चौदा महिने. सुहासला पेपर आठवला. अण्णांनी पेपर वाचायचं सोडलं होतं. बातम्यांत काही राम नाही म्हणायचे, आणि सुहासनं ते खरं मानलं होतं. परवा करारपत्र पुढं ठेवलं, तेव्हा म्हणाले, तूच वाचून दाखव. सुहासनं भराभरा वाचलं, जरा चिडूनच. मग म्हणाले, दस्तगीर हो म्हणाला की सही कुठं करायची तिथं माझं बोट ठेव. त्याला वाटलं होतं, म्हातारा टोमणा मारतोय.

"सराफाकडून सोनं वजन करून येतं," तो हळूच म्हणाला. "साजही वजन करून जातो. एवढं खाली पडत असेल तर तूट येणार. ती तूट घरच्याच सोन्यातून भरायची…"

 

आईच्या मागं एक पाटली राहिली होती. दिवाळीत सुहासनं ती मागितली होती, त्या डोंगरातलीतच घालायला. अण्णा म्हणाले, ती नाही. का नाही, ते सांगितलं नाही. सुहास त्यावरून आठ दिवस बोलला नव्हता. बायकोजवळ म्हणाला होता, म्हातारा पाटली उराशी धरून बसलाय.

"पाटली आहे का अजून, चाचा?"

"भालूच्या पेटीत मी कशाला बघू?"

पण हे म्हणताना चाचांनी त्याच्याकडे बघितलं नाही. सुहासचे डोळे भरून आले. एवढा मोठा माणूस, चाळिशी उलटलेला, ओल्या हातानं डोळे पुसायला गेला आणि गालावर राख फासून बसला. चाचांनी खांद्यावरचा पंचा काढून त्याच्याकडे टाकला. त्यालाही राखच होती.

"पाडव्याला त्यांना काय सांगितलंत?"

चाचांनी तांब्या उचलला, पुन्हा खाली ठेवला.

"सांगितलं… भालू, तुझी धूळ कोरडी."

"खोटं?"

"साठ वर्षांत एकदा बोललो." त्यांनी चाळणी उगाच झटकली. "हसला की रं त्यो. नेहमीसारखा हसला. हातानं चाचपून लाडू वाढला मला."

ऊन शेडच्या पत्र्यावरून सरकून काथवटीत आलं होतं. पाण्याच्या तळाशी सोनं होतं तिथंच होतं. सुहासला ते बघवेना.

चाचा पुन्हा उठले, पुन्हा दोन टप्प्यांत. फळीच्या कोपऱ्यातून त्यांनी एक अत्तराची रिकामी बाटली आणली. रिकामी नव्हती. बुडाला बोटभर पिवळं होतं, कीस, तार, दाणे.

"ही चौदा महिन्यांची. आजचं ह्यात घाल आणि घेऊन जा."

"हे तुमचं आहे, चाचा. नियमानं तुमचं आहे. धूळ विकली की…"

"नियम मला सांगतोस?"

"मग विकलं का नाहीत?"

"भालूचं हाय ते."

"मग त्यांना परत का दिलं नाहीत?"

"परत दिलं तर त्याला कळतंय." चाचा बाटलीचं बूच उघडत बसले. बोटं जाड होती, बूच बारीक. "चौदा महिने इथं बसून ह्योच विचार करतोय. देऊ तर कसं देऊ. माझं डोकं चालंना. मग काल तू आलास."

सुहासनं एकेक दाणा ओल्या बोटानं टिपून बाटलीत सोडला. लहानपणी टिपायचा तसाच. बोटाला सवय राहिली होती.

"मी काय सांगून देऊ?"

"काही सांगू नगंस."

"मग?"

"सकाळी त्याच्याआधी गाळ्यावर जा. भालू पोत्यावर बसतोय न्हवं, त्या पोत्याखाली थोडं टाक. थोडंच. एका दिवसात सगळं टाकशील, तुझी घाई म्हाईत हाय मला. मग त्यो आला की त्याच्यासमोर झाडू घे आणि झाड."

"मी झाडू?"

"का? हात झिजतील? झाडता झाडता सापडलं की हाक मार, अण्णा, सापडलं म्हणून. सोनं सापडल्याची हाक तुला येतीया. मघाशी ऐकली मी."

सुहासला हसू आलं आणि रडूही. दोन्ही एकदम येतं तेव्हा माणूस फार बावळट दिसतो. चाचांनी तेवढ्यासाठी तोंड दुसरीकडं वळवलं.

"त्यांना कळेल, चाचा. आज ना उद्या कळेलच. वीस वर्षं गाळ्यात पाऊल न टाकलेला मुलगा अचानक झाडू घेऊन येतो…"

"कळू दे की. तुझ्याकडनं कळलं तर चालतंय." ते थांबले. "मग डॉक्टरकडं न्यायचं, काय न्यायचं, ते बोलणं पोत्यावर शेजारी बसल्यावर निघतंय. दारात उभं राहून निघत न्हाई."

सुहासनं बाटली खिशात ठेवली. वरून हात ठेवला. मग अंगठी आठवली आणि ती घातली. जायला उठला, तेव्हा नजर काथवटीकडे गेली. तिच्याखाली फाइल होती. कडा ओली होऊन फुगली होती. सहीच्या पानापर्यंत पाणी गेलं असणार.

ती काढायची तर काथवट उचलावी लागली असती. चाचांनी दुसऱ्या कुणाचा तरी डबा उघडला होता आणि नवं पाणी ओतलं होतं. पातळी सरळ होती.

सुहास वाकला… आणि त्यानं काथवट आणखी जरा नीट टेकवली.

"येतो, चाचा."

"ये."

बोळाच्या तोंडाशी तो थांबला. इथून उजवीकडं घर होतं आणि डावीकडं गाळा. हातोडीचा ठोका पडला. मग थांबला. मग बराच वेळ काही नाही. पोत्यावर बसलेला माणूस ओल्या बोटानं फरशी टिपत असेल, हे सुहासला इथून दिसत होतं.

तो परत शेडपाशी आला.

"किती दिवस झाडायचं, चाचा?"

चाचांचे दोन्ही हात पाण्यात होते. काथवट फिरत होती. तिच्यातून काळं पाणी सावकाश कडेवरून जात होतं, आणि त्यांनी वर बघितलं नाही.

"भालूची धूळ कोरडी निघेस्तवर."